डाव्या हाताची शिवण

सालमिया, कुवेत
शुक्रवार

प्रिय परीक्षित,

फोन सोडून ताई पत्र का लिहितेय, याचं तुला नवल वाटेल. फोनवर तू एकदा ‘अगं ताई’ म्हणून हसलास की माझे प्रश्न घशातच राहतात, हे तुला लहानपणापासून ठाऊक आहे. म्हणून पत्र, असं समज.

संक्रांतीला तू बुर्किना फासोहून पाठवलेले तीळ मिळाले. काय तीळ होते रे! एक खडा नाही, एक काळपट दाणा नाही. लाडू केले, शेजारच्या लीनालाही दिले. स्वराने लाडू खाता खाता तिच्या इंग्रजीत विचारलं, मामाचे घरचे तीळ एवढे छान, मग तुझ्या फॅक्टरीतले का नाहीत? मी तिला दटावलं, पण लाडू मला गेला नाही.

कारण शुवैखच्या आमच्या कारखान्यात, जिथे तिळाची ताहिनी वाटतात, तिथे तू तिकडून कंपनीसाठी खरेदी करून पाठवलेल्या मालावरून दोन महिने कुरबूर चालू आहे. पोतं आलं की मी त्याच्या तोंडातून हातभर लोखंडी नळी खुपसून नमुना काढते. नमुना स्वच्छ असतो, माझी सही होते, आणि मग चाळणीखाली माती आणि जुने खवट तीळ निघतात. चाळणीवरची माणसं हल्ली माझ्याकडे वेगळ्याच नजरेने बघतात.

आधी मी तुझीच बाजू घेतली. तूच सांगितलं होतंस, तिथल्या बाया तिळाच्या पेंढ्या उभ्या करून वाळवतात, मग उलट्या धरून झोडपतात, आणि खाली माती लागू नये म्हणून तू गावोगाव ताडपत्र्या वाटल्यास. फोटोही पाठवलास. निळी ताडपत्री, घडीच्या रेघासुद्धा न मोडलेली. तेव्हा कौतुक वाटलं होतं. आता ती कधी अंथरली तरी होती का म्हणून तोच फोटो मोठा करून करून बघते आणि स्वतःचीच लाज वाटते, भावाचा फोटो असा कुणी बघतं का?

सोमवारी मी एक पोतं उलटं करायला लावलं. तोंडाला मशीनची शिवण होती, बुडाला हाताची. सुतळीचे टाके उलट्या अंगाला कललेले.

असे टाके मी याआधी एकाच ठिकाणी पाहिलेत, उदगीरला आपल्या अण्णांच्या धान्याच्या दुकानात. गिऱ्हाईक पोत्याच्या तोंडातूनच माल बघतं, म्हणून अण्णा बूड उसवून खाली किडकी ज्वारी भरायचे आणि दाभण तुझ्या हातात द्यायचे. तू नऊ वर्षांचा, डावखुरा. टाके उलटे पडले की टपली खायचास. पोतं मी धरायचे, आणि आपण दोघं हसायचो. तेव्हा एकदा तरी मी हात सोडायला हवा होता.

तिकडेही डावखुरी माणसं असतीलच, असं मी दोन दिवस स्वतःला समजावलं. मग शेवटची गाठ नीट पाहिली. दोन वेढे आणि एक फास. ती तुला मीच शिकवली होती.

या नोकरीसाठी तुझं नाव मीच सुचवलं होतं. ही शिवण ओळखणारी अख्ख्या कुवेतमध्ये मी एकटी. गप्प बसले असते तर कुणाला कळलं नसतं. फार मोह झाला, खोटं कशाला बोलू?

काल अहवालात सगळं लिहिलं, खरेदी करणारा माझा सख्खा भाऊ आहे हेही. माझ्या आधीच्या सह्यांचं काय करायचं ते साहेब ठरवतील. हे पत्र तुझ्या हातात देणारा यासिर आमच्या खरेदीचा प्रमुख आहे. पत्रासोबत चिवडा दिलाय, तो खरंच तुझ्यासाठी आहे. पण यासिर आलाय तो तुझ्या गोदामातली पोती बुडाकडून उसवायला, आणि त्याला पाठवा असं मीच म्हटलं. फोन न करण्याचं खरं कारण हे. फोन केला असता तर तो पोचायच्या आत तू गोदाम रिकामं केलं असतंस, इतका माझा तुझ्यावरचा विश्वास उडालाय. त्याला मराठी वाचता येत नाही. तू मान वर करशील तेव्हा तो समोरच उभा असेल. हसू नकोस. किल्ली त्याच्या हातात दे, आणि त्याने पहिलं पोतं उसवायच्या आधी तूच सांग, कुठली कुठली ते.

तुझीच,
शर्मिलाताई