पितळी पेला

उटी, ४ नोव्हेंबर १९७८

आईला जयभीम. अक्कानं हे मोठ्यानं वाचून दाखवावं.

मी खुशाल हाय. बंगळूर, म्हैसूर बघून आमची अकरा जणांची सायकल-सहल काल घाट चढून इथं पोचली. बंगळुरात मोटारी इतक्या, की तू डोळेच झाकली असतीस. इथले डोंगर बघून आपल्या हुलसूरची टेकडी लेकरू वाटायलीय. गुडघा दुखत न्हाई, म्हंजे फार न्हाई.

निघताना तू पेला दिलीस अन् म्हणलीस, कुनाचं भांडं मागू नको, आपल्यानंच पी. म्हैसूरपर्यंत मी तसंच केलो.

काल घाटात आमचे म्होरके नरहरराव सर चक्कर येऊन बसले. सगळ्यांच्या बाटल्या रिकाम्या. मी झऱ्याचं पाणी पेल्यात धरलो, पर द्यावं का न्हाई म्हणून थबकलो. त्यांना आपलं घर ठाव हाय. त्यांनीच हात पुढं केला, तोंड लावून प्याले अन् आणखी मागितले. मग अकराही जणांत पेला फिरला.

अप्पाचा खोकला कसा हाय? तुरीला फुलं आली का?

सकाळपासून पेला कुनाच्या पिशवीत हाय, ठाव न्हाई. रागावू नको, मी हुडकलो न्हाई.

तुझा
बळीराम