लीआजींच्या दगडातलं दीर्घायुष्य

माझ्या लाडक्या सासूबाई, म्हणजे आई,

आज लीआजी आल्या होत्या. समोरच्या फ्लॅटमधली तुमची चिनी मैत्रीण! त्यांच्या मुलाचं लुसैलच्या स्टेडियमवरचं काम खलास झालं, परवा सगळे चीनला परत चाललेत. त्या गेल्यावर मला राहवेना, म्हणून तुम्हाला लिहायला बसले.

आठवतं? गेल्या वर्षी तुम्ही नाशिकहून इथे कतारला संदीपकडे, तुमच्या लेकाकडे, राहायला आलात आणि पहिल्याच आठवड्यात लीआजींनी तुम्हाला हाताला धरून आत नेलं. त्यांच्या शोकेसमध्ये वीतभर उंचीचा हिरवट दगड होता. त्यात कोरलेला मोठ्या कपाळाचा हसरा म्हातारा, त्याच्या हातात पीचचं फळ, वर पाइनचं झाड, पायाशी कासव, शेजारी करकोचा. मोबाइलवर भाषांतर करून त्या सांगत होत्या, हे सगळं दीर्घायुष्याचं.

"हा बगळासुद्धा?" तुम्ही म्हणालात. "अगंबाई, आमच्याकडे तो ढोंगी!"

मोबाइलने ते चिनीत सांगितलं आणि लीआजी डोळे पुसपुसून हसल्या. कासवाला मात्र तुम्ही देवळातल्यासारखा नमस्कार केलात.

त्यांच्या वाढदिवसाला निरांजन घेऊन औक्षणही केलंत. स्वतःपेक्षा मोठ्या बाईला "औक्षवंत हो" म्हणणाऱ्या तुम्हीच!

पण आई, तुमचं दुखणं आम्हाला का नाही सांगितलंत? लीआजींना सांगितलंत, आम्हाला नाही! इथे असतानाच तुम्हाला ते ठाऊक होतं, हे आज त्यांच्याकडूनच कळलं. त्यांनी तेव्हा तो दगड तुम्हाला देऊ केला, तर तुम्ही म्हणालात, "मला आता कशाला? माझ्या संदीपला द्या. वर्ल्ड कप तोंडावर आलाय, पोरगं दिवसभर उन्हात साइटवर असतं. त्याचं काम उरकू दे, मग सांगेन त्याला."

ते 'मग' आलंच नाही. नाशिकला परतलात आणि संदीप धावत पोहोचला, तेव्हा तुमची वाचा गेलेली. मग तुम्हीच गेलात. फार राग येतो हो तुमचा! आणि लगेच इतकी आठवण येते, की रागावणंही जमत नाही.

लीआजी दगड ठेवून गेल्या. संदीपने विचारलं, "हा आपल्याकडे कसा?" मी म्हटलं, "लीआजींनी दिला." पुढचं उद्यावर टाकलं.

उद्या शुक्रवार, त्याला सुट्टी आहे. समैस्माच्या किनाऱ्यावर नेऊन सगळं सांगेन. तो चिडेल, मग रडेल. मी जवळ बसेन. आणि आई, शब्द देते, मला कधी काही झालं, तर ते सगळ्यात आधी त्याला सांगेन.

तुमची, अजूनही थोडी रुसलेली,
मेधा