खांब सापडले

अहो हाफग्रिम,

नॉर्वेहून येताना नवा किनारा दिसला आणि तुम्ही तुमच्या मानाच्या आसनाचे दोन्ही खांब समुद्रात टाकून दिलेत. "थॉर देव ते जिथे किनाऱ्याला लावील, तिथेच घर बांधायचं." मी म्हटलं, "अहो, आधी जागा तर बघू, मग देवाला विचारू." तर म्हणालात, "तू गप्प बस."

बसले गप्प! तुम्ही खांबांपायी किनारे पालथे घालताय आणि मी या झोपडीत दुसरा हिवाळा काढतेय. इथे कुरणात गवत कमरेएवढं वाढतं, ओढ्यात मासे आहेत, गाय व्यायलीय. धाकटी इथेच चालायला शिकली. तरी तुमचा निरोप एकच: "सामान बांधून ठेव, खांब सापडले की निघायचं."

सापडले हो. मलाच! परवा जळण गोळा करायला गेले, तर डोंगरापलीकडच्या काळ्या वाळूत पडलेले. तिथे ना गवताची काडी, ना प्यायला पाणी. थॉरला काय जातंय? त्याला थोडीच गुरं पाळायचीत?

म्हणून आज बैल जुंपून दोन्ही खांब ओढत आणले आणि आपल्या ओढ्याच्या मुखाशी, शेवाळ्यात नीट लोळवून ठेवले. हे सगळं या फळीवर कोरलं तेव्हा कुठे डोकं शांत झालं. आता फळी चुलीत घालते.

तुम्ही "बघ, थॉरने कुठे आणून लावले!" म्हणत धावत याल, तेव्हा मी म्हणेन, "अगबाई, खरंच?"

तुमची गप्प बसलेली,
योरुन