आठवड्याच्या गोळ्या

भिलाई, १९८६

चि. कुमुद,

माझा रक्तदाब आटोक्यात आहे. दवाखान्यातल्या नव्या डॉक्टरांनी आज तीन महिन्यांच्या गोळ्या एकदम दिल्या. "माताजी, अब हर सोमवार आने की जरूरत नहीं."

दर सोमवारी माझ्यासारखीच गोळ्यांना येणारी शकुबाई बाकावरून ओरडली, "मंग मी भांडू कोनासंग, बाई?"

हे गेल्यापासून माझ्याशी बोलणारी ती एकटीच.

मी गोळ्या परत केल्या. जन्मभर गणित शिकवलेल्या मी सांगितलं, मला विसर पडतो, आठवड्यापुरत्याच द्या. डॉक्टर सगळ्यांसमोर सिस्टरला म्हणाले, "बेचारी भूलने लगी हैं." मी मान डोलावली.

तुला हे कळलं तर तू मला न्यायला धावत येशील, असं वाटतं. आणि आली नाहीस तर? म्हणून हे पत्र पेटीत टाकत नाही.

तुझी,
ताई