शोकेसमधली भाची

ती. धाकट्या मावशीस,

साष्टांग नमस्कार. (कागदावरच घालते आहे. मधल्या काही महिन्यांत खरोखर घातला असता, तर मला उठवायला माणसं बोलवावी लागली असती.) तुझे गुडघे कसे आहेत? काकांचा खोकला? कुंड्यांना पाणी कोण घालतं, तू की देव? इकडे मी बरी आहे. म्हणजे आता बरी आहे. मध्ये मी नव्हतेच, आणि कुठे गेले होते ते तुला सांगायचंय. लोकांकडून तू ‘भाची दुकानात भूत होऊन बसली होती’ असं ऐकलं असशील. ते अगदीच खोटं नाही.

कपड्यांच्या दुकानात मी शोकेस सजवते, हे तुला ठाऊक आहेच. पुतळ्यांना कपडे चढवायचे, सैल पडेल तिथे पाठीमागून टाचण्या मारायच्या, मनगटं फिरवून बसवायची. पुतळे निर्विकार असतात आणि मी बडबडी, त्यामुळे आमचं छान जमायचं. मग हळूहळू मीच निर्विकार व्हायला लागले. सकाळी उठले की अंग असं जड, जणू आदल्या दिवशी कुणीतरी दुसऱ्यानेच ते वापरून धुवायला टाकलंय. सगळे पंख्याखाली बसायचे आणि मी शाल गुंडाळून. केस कंगव्यात राहायचे, जेवण पोटात राहायचं, आणि जेवण तेवढंच असून वजन मात्र वाढायचं. पाळी आली की जायचं नाव काढायची नाही. आरशात पाहिलं तर चेहरा सुजलेला आणि भुवयांची बाहेरची टोकं गायब. (पुतळ्यांच्या रंगवलेल्या भुवया माझ्यापेक्षा बऱ्या दिसत होत्या. मी एकदा त्यांच्याच ब्रशने माझ्या काढल्या.) मी म्हटलं, कामाचा ताण असेल. मालक म्हणाले, आळस. शेजारीण म्हणाली, प्रेमभंग. प्रेमच नाही तर भंग कशाचा, हे तिला विचारायचं होतं, पण उत्तर सुचेपर्यंत ती घरी जाऊन स्वयंपाक करून जेवलीसुद्धा होती.

मग आईचा फोन आला. मी ‘हॅलो’ म्हटलं.

“कोण बोलतंय?” आई म्हणाली.

“मीच गं.”

“तुम्ही कोण ते सांगा. माझी मुलगी कुठंय?”

मावशी, माझा आवाज घोगरा होत होत इतका खाली गेला होता, आणि शब्द इतके सावकाश यायचे, की जन्मदात्या आईला वाटलं खोलीत कुणी बाप्या आहे. मी कितीही ‘आई, मीच’ म्हटलं तरी ती त्या आवाजाला दरडावत राहिली, की मुलीला फोन द्या, नाहीतर मी येते. फोन ठेवल्यावर क्षणभर मलाही वाटलं, की खोलीत खरंच कुणीतरी आहे, आणि ते मी असेनच असं नाही.

दुसऱ्याच दिवशी शोकेसमधे काम करताना पाय भरून आले, म्हणून दोन पुतळ्यांच्या मधे जरा टेकले. शाल अंगावर होतीच. बाजूचा पडदा सरकवून एक बाई आत डोकावल्या. त्यांनी माझ्या शालीचं कापड चिमटीत धरलं, उलटं करून शिवण पाहिली, किमतीची चिठ्ठी मानेपाशी शोधली. मग माझा हात उचलला. “अगं बाई, किती गार! पण बोटं अगदी खऱ्यासारखी केलीत हो,” असं त्या कौतुकाने म्हणाल्या. ‘मी पुतळा नाही’ हे वाक्य माझ्या आत तयार होतं, पण बाहेर यायला त्याने फार वेळ घेतला. ते त्या घोगऱ्या आवाजात बाहेर पडलं, तेव्हा त्या माझं मनगट फिरवून पाहत होत्या. त्यांची किंकाळी ऐकून रस्त्यावरची माणसं थांबली. बाई एक चप्पल तिथेच सोडून पळाल्या आणि मालक गल्ल्याखाली लपले.

सगळे हसतात इथे, तूही हस. पण मी घाबरले ते नंतर. एवढा गोंधळ झाला तरी मला लाज वाटली नाही, हसू आलं नाही, काहीच वाटलं नाही. उलट वाटलं, इथे बरं आहे. कुणी उठवू नये. तेवढ्यात काचेपलीकडे आई दिसली. ती खरंच आली होती. तिने एकेक पुतळा पाहिला, माझ्याकडेही नीट पाहिलं, आणि पुढे निघून गेली. मी हाक मारणार होते. नाही मारली. तीच परत फिरली, काचेला नाक लावलं, आणि माझ्या पापण्या हलल्या तेव्हा तिथेच मटकन खाली बसली.

तिने मला दवाखान्यात अक्षरशः ओढून नेलं. डॉक्टरीणबाई माझ्या पाठीमागे उभ्या राहिल्या, माझ्या गळ्यावर दोन्ही हातांची बोटं ठेवली आणि म्हणाल्या, “गिळा.” (अशा वेळी माणूस दुसरं काय करणार?) नाडी मंद, कातडी कोरडी. रक्त तपासलं आणि निकाल आला: थायरॉईड. गळ्यातली ती एवढीशी ग्रंथी झोपली की सगळा देहच झोपतो. माझ्या बाबतीत शरीराच्या शिपायांनी तिलाच चोर समजून बडवलं होतं. “तरुण मुलींमधे हे खूप दिसतं,” त्या म्हणाल्या, “आणि सगळ्यांना वाटतं, पोरगी आळशी झाली.” इलाज काय, तर रोज सकाळी उपाशीपोटी पाण्याबरोबर एक इवलीशी गोळी, मग निदान अर्धा तास चहा नाही, लोहाची आणि कॅल्शियमची गोळी बऱ्याच तासांनी. काही आठवड्यांनी पुन्हा रक्त तपासून गोळीचं माप ठरवायचं. बरं वाटलं म्हणून मनाने बंद करायची नाही.

मी विचारलं, “बाई, यात मी परत येईन ना?” त्या म्हणाल्या, “याल, पण पायी.” तशीच आले. आधी काहीच फरक नाही. मग एक दिवस मालकांनी बिल चुकल्याचा आळ घातला आणि मी भांडले! चांगली तारस्वरात भांडले. दुपारी घाम आला तेव्हा पुसलाच नाही, सगळ्यांना दाखवत फिरले. केस अजून रुसलेत, आवाज मात्र आलाय. आई रोज फोन करून तपासते.

काकांना नमस्कार.

तुझी,
हलणारी भाची

ता. क. डॉक्टरीणबाईंनी विचारलं, घरात आणखी कुणाला आहे का? आई आधी ‘नाही’ म्हणाली. मग हळूच म्हणाली, “माझी बहीण. बाळंतपणानंतर ती बदललीच. आम्ही म्हणायचो, सुस्तावली.” मावशी, तुझी शाल, तुझा आवाज, मधेच थांबलेली तुझी वाक्यं. या सोमवारी तुझं रक्त तपासायला जायचंय. आई आणि मी न्यायला येतोय. काका ‘बघू’ म्हणाले तर त्यांचंही तपासू.

ता. क. २ आईने स्वतःचीही तपासणी करून घेतली. काही निघालं नाही. ती जराशी नाराज आहे.

ता. क. ३ लोक समोर बसून तुझ्याबद्दल बोलतात, तेव्हा तू आतून सगळं ऐकत असतेस, हे मला आता माहीत आहे. उत्तराला वेळ लागू दे. आम्ही थांबतो.