सभागृहातील केबल व सौ. आक्काताई यांचे म्हणणे

दिनांक : १३ ऑगस्ट २०२५

प्रति,
मा. उपअभियंता साहेब,
पर्जन्य नोंद उपविभाग क्र. ७,
कोल्हापूर.

विषय : सभागृहातील टीव्हीची केबल परवानगीविना घरी नेल्याबाबत खुलासा, सदर केबल सोमवार दि. १८ पर्यंत घरीच राहू देणेबाबत; तसेच माझ्या पत्नीचे म्हणणे परस्पर ऐकून घेणेबाबत.

संदर्भ : १) आपली कारणे दाखवा नोटीस, दि. ११ ऑगस्ट.
२) माझा तोंडी खुलासा, त्याच दिवशी सकाळी ११ वा. १० मि., "केबल कुठे दिसत नाही साहेब". हा खुलासा खोटा होता.

महोदय,

नोटिशीला तीन दिवसांत उत्तर मागितले आहे. आज दुसरा दिवस आहे. नियमानुसार हा अर्ज आवक टेबलावर येईल आणि त्याचा गोषवारा काढण्यासाठी माझ्याकडेच पाठवला जाईल, कारण या कार्यालयात आलेल्या अर्जांचे दोन ओळींत सार काढून आपणांसमोर ठेवण्याचे काम गेली एकोणीस वर्षे मीच करतो. या अर्जाचा गोषवारा कृपया कोणीही काढू नये. सगळा वाचावा.

१. केबल मीच नेली. शुक्रवार दि. ८ रोजी सायंकाळी सहा वाजून पाच मिनिटांनी ती भिंतीवरच्या टीव्हीमागून काढून डब्याच्या पिशवीत ठेवली. शनिवार-रविवार सुट्टी, सोमवारी साडेनऊला येऊन परत जोडून टाकू, असा माझा बेत होता. तो फसला. सोमवारी अकराच्या पाऊस आढावा बैठकीत टीव्हीवर चित्र आले नाही आणि आपणांस अधीक्षक अभियंता साहेबांसमोर मोबाइल हातात धरून गगनबावड्याचे आकडे वाचावे लागले. शिपाई श्री. हंबीरराव टेबलांखाली शिरून केबल शोधत होते आणि मी त्यांना बॅटरी दाखवत होतो. त्यांची मी वेगळी माफी मागितली आहे. त्यांनी ती अजून दिलेली नाही.

२. माझी पत्नी सौ. आक्काताई हिला जन्मापासून ऐकू येत नाही. मूकबधिर शाळेत ती सातवीपर्यंत शिकली, वाचते, लिहिते, आणि समोरच्याचे ओठ पाहून बोलणे ओळखते. घरात आम्ही हातवाऱ्यांनी बोलतो. बाहेर मात्र माणसे प्रश्न तिला विचारतात आणि उत्तरासाठी माझ्याकडे बघतात. आपणही गेल्या डिसेंबरात कार्यालयाच्या पूजेला तिला विचारले होते, "वहिनी, काय म्हणताय?" मी म्हणालो, बरी आहे म्हणते. प्रत्यक्षात ती म्हणत होती की साहेबांच्या शर्टाची शिलाई खांद्यावर उसवली आहे, सुई द्या, पाच मिनिटांत टाचून देते. आपण त्याच शर्टावर दुपारभर फिरलात. हे मी आज प्रथमच कळवीत आहे.

३. आमची मुलगी भैरवी, सध्या रत्नागिरीस बँकेत नोकरीला, हिने सातवीत असताना, जानेवारी २००९ च्या स्नेहसंमेलनात 'माझी आई' या विषयावर भाषण केले. आक्काताई बायकांच्या रांगेत पार मागे बसली होती, तिथून तिला मुलीचे ओठ दिसले नाहीत. मी पुढच्या रांगेत होतो, पण नेमका कार्यालयातून फोन आला म्हणून बाहेर गेलो. एक फाइल सापडत नव्हती. फाइल सापडली, भाषण गेले. मी आत आलो तो टाळ्या चालू होत्या. आक्काताईने मागूनच हाताने विचारले, काय बोलली? मी हाताने सांगितले : ती म्हणाली, माझ्या आईला ऐकू येत नाही, पण माझ्या मनातले सगळे कळते, आई म्हणजे देव. हे मी जागच्या जागी रचले होते. असे काहीतरी म्हणालीच असेल, सगळीच मुले म्हणतात, असे मला वाटले. आक्काताईने ते वाक्य वहीत लिहून ठेवले. सोळा वर्षे येणाऱ्या-जाणाऱ्याला ती वही दाखवते आहे.

४. रविवार दि. ३ रोजी फोटो स्टुडिओवाले श्री. विजयसिंह यांनी दुकान आवरताना सापडलेली त्या संमेलनाची सीडी मला दिली. आक्काताईला काय आनंद झाला ते मी लिहू शकत नाही. ती नवे लुगडे नेसली. घरातल्याच टीव्हीसमोर, नवे लुगडे.

आमचा टीव्ही नवा, मोठा आणि रुंद आहे. सीडीचा प्लेअर जुना. त्याला लाल, पांढरी, पिवळी अशा तीन वायरी. मी पिवळी वायर चुकून लाल भोकात घातली. त्यामुळे चित्र आले नाही. आवाज मात्र आला.

साहेब, आक्काताई काळ्या पडद्यासमोर हात जोडून बसली होती आणि दर थोड्या वेळाने मला हाताने विचारत होती, आलं का? आणि मी तिच्या शेजारी बसून मुलीचे सगळे भाषण ऐकत होतो. भैरवी म्हणत होती :

"माझी आई दहा वाक्यं सांगती. बाबा त्यातली दोनच सांगत्यात. शिवणाच्या वर्गात शिकवायला शालूबाईंनी आईला बोलावलं. आई व्हय म्हणाली. बाबा म्हणाले, ती न्हाय म्हणती. मी तिथंच हुतो की. मी मोठी झालो की आईची दहाच्या दहा वाक्यं सांगणार."

यावर टाळ्या. याच टाळ्या चालू असताना मी आत आलो होतो.

आक्काताईने पुन्हा विचारले, आलं का? मी मान हलवली. काही आले नाही.

५. शिवणवर्गाची गोष्ट खरी आहे. मुलगी लहान होती, घरी स्वयंपाकाला कोण, वर्गातल्या बायका हिला हसल्या तर काय, असे मी माझ्याशीच ठरवले. शालूबाईंना सांगितले, ती नको म्हणते. घरी येऊन आक्काताईला सांगितले, त्यांनी दुसरी बाई घेतली. दोन्हीकडचा गोषवारा मीच केला. आक्काताईने दुसऱ्या दिवशी मशीनवर कापड टाकून ठेवले. ते कापड पुढे वर्षभर निघाले नाही.

६. सोमवार दि. ४ रोजी लक्ष्मीपुरीतील टीव्ही दुरुस्तीवाले श्री. रफिक घरी आले. त्यांनी पिवळी वायर जागेवर घातली आणि चित्र उमटले, पण आडवे ताणलेले. काडीसारखे शाळेचे मुख्याध्यापक तालमीतल्या वस्तादासारखे दिसू लागले, भिंतीवरचे घड्याळ बटाट्याच्या आकाराचे झाले, आणि सगळ्यांचे ओठ असे रुंदावले की रागावलेला माणूसही हसतोय असे वाटावे. आक्काताईला त्यातून एक शब्द वाचता येईना. श्री. रफिक यांनी रिमोट हातात घेऊन मला दाखवले : "काका, जुनं चित्र चौकोनी असतं, नवा टीव्ही लांबडा. म्हणून ताणतंय. हे बटण दाबून चार बाय तीन करा. कडेला काळ्या पट्ट्या येत्यात, येऊ देत. माणसं माणसासारखी दिसतील."

मी म्हणालो, करतो मी. त्यांना चहा पाजून वाटेला लावले. आणि ते जिना उतरल्यावर मी तेच बटण दाबून 'झूम' केले.

झूम केले की चित्र टीव्हीभर पसरते आणि वरून-खालून कापले जाते. कॅमेरा भैरवीच्या अगदी जवळ होता. तिचे कपाळ गेले आणि ओठांपासून खालचे सगळे गेले. उरले डोळे आणि नाक. मी आक्काताईला सांगितले, सीडीच अशी आहे.

हे मी तीन दिवस केले. कधी ताणलेले, कधी कापलेले. ती टीव्हीच्या जवळ सरकत गेली. बुधवारी ती पडद्यापाशी उभी राहून, जिथे चित्र संपते त्याच्या खाली बोट लावून बघत होती, जणू तिथून हनुवटी वर ओढून घेता येईल. मी खुर्चीत रिमोट धरून बसलो होतो. या नोकरीत मी पुष्कळ अर्ज दाबून ठेवले, त्यांची मला इतकी लाज वाटलेली नाही.

७. गुरुवारी तिने पाटीवर लिहिले, "माझ्या नशिबात नाही. राहू दे. तुम्ही दमलात." 'तुम्ही दमलात' हे वाचून माझ्याच्याने राहवले नाही. मी चार बाय तीन केले. चेहरा पूर्ण दिसला, आकार बरोबर, पण आता दुसरीच अडचण. त्या पिवळ्या वायरीतून सगळे चित्र एकत्र कालवल्यासारखे येते. एवढ्या मोठ्या पडद्यावर ओठांच्या जागी नुसता गुलाबी डाग. श्री. रफिक फोनवर म्हणाले, प्लेअरच्या मागे एचडीएमआयचे भोक आहे, ती केबल लावा, साफ दिसेल. शुक्रवारी जेवणाच्या सुट्टीत मी केबल घेतली, ती एका टोकाला बारीक निघाली, कॅमेऱ्याची. श्री. रफिक यांचे दुकान बंद, ते भाचीच्या लग्नाला कबनूरला. दुसऱ्या दिवशी दुसरी केबल मिळाली असती, हे मला कळत होते. पण दुसऱ्या दिवशी माझी हिंमत टिकली असती का, हे कळत नव्हते. मी भित्रा माणूस आहे, साहेब. म्हणून सभागृहातली केबल.

८. केबल लावली. चित्र इतके स्वच्छ आले की भैरवीच्या वेणीची रिबन मोजता यावी. आक्काताईने चार मिनिटांचे भाषण वाचले. परत लावले, परत वाचले. तिसऱ्यांदा शिवणवर्गाच्या वाक्यावर चित्र थांबवले. मग तिने माझ्याकडे पाहिले, माझ्या हातातल्या रिमोटकडे पाहिले, आणि हाताने एवढेच म्हणाली : बटण तेच.

नंतर तिने डोळे मिटले.

९. तेव्हापासून आज सहावा दिवस. मी ओठ हलवले की ती डोळे मिटते. हात उचलले की मिटते. पाटीवर लिहून समोर ठेवले तर न वाचता पुसते. लोकांना वाटते आमच्या घरात नेहमीच शांतता असणार. ते खरे नाही. तीस वर्षांत आम्ही एक दिवस गप्प बसलो नव्हतो. जेवताना बोलण्यासाठी हात थांबतात म्हणून आमची जेवणे लांबायची. आता दहा मिनिटांत ताटे उचलली जातात. मला हे सहन होत नाही, आणि सांगायला दुसरे कोणी नाही म्हणून मी आपणांस लिहीत आहे. हे शासकीय अर्जात बसत नाही याची मला जाणीव आहे.

भैरवीला फोन केला. ती म्हणाली, "बाबा, तुम्ही ऐकलंय असं वाटून मी घाबरलेलो. आईनं विचारलं तेव्हा म्हटलं, बाबा सांगत्यात तेच." म्हणजे माझे खोटे तिनेही भीतीपोटी सोळा वर्षे सांभाळले. ती शुक्रवारी १५ तारखेला येत आहे.

१०. सोमवारी सकाळी मी केबल काढायला गेलो तर आक्काताई टीव्हीसमोर उभी राहिली. रिमोट तिच्या कमरेच्या पिशवीत आहे. टीव्हीच्या मागे हात घालायची मला बंदी आहे. सबब सदर केबल सध्या माझ्या ताब्यात नसून पत्नीच्या ताब्यात आहे. बदली म्हणून त्याच लांबीची नवी केबल सोबत जोडली आहे, दोन्ही टोके तपासून घेतली आहेत. ही तिला देऊन जुनी आणता आली असती, हे आपण म्हणाल. देऊन पाहिली. तिने पाटीवर लिहिले, "दुसरी नको. हिच्यातून खरं आलं." लेकीबरोबर बसून एकदा पाहीपर्यंत, म्हणजे सोमवारपर्यंत, ती तिच्याकडे राहू द्यावी.

११. काल मी पाटीवर लिहिले की तुझ्या केबलीपायी मला नोटीस आली आहे. ही पाटी तिने पुसली नाही. वाचली. मग ओट्यापाशी बसून तासभर लिहीत होती. पाकीट भाताच्या शितांनी चिकटवले आणि वर लिहिले, "साहेबांना. मधे कुणी नको." ते माझ्यापुढे धरून पाच दिवसांत प्रथमच ती डोळे उघडे ठेवून माझ्याकडे पाहत राहिली. मी पाकीट घेतले.

त्यात माझी तक्रार असेल, केबलीबद्दल असेल, किंवा आपल्या शर्टाबद्दलही असेल. मला माहीत नाही. त्याचे उत्तर लेखी, तिच्या नावे, आमच्या घरच्या पत्त्यावर द्यावे, माझ्या हाती देऊ नये. माझ्यावर जी कारवाई व्हायची ती व्हावी, मी त्याविरुद्ध अर्ज करणार नाही. फक्त तिचे पत्र आपण शेवटपर्यंत वाचावे.

आपला कसूरवार व नम्र,

(वसंत गुंडू चौगले)
कनिष्ठ सहायक, आवक-जावक शाखा

सोबत :
१) नवी केबल, नग एक.
२) आपल्या नोटिशीची प्रत.
३) सौ. आक्काताई वसंत चौगले यांचे पत्र, बंद पाकिटात. पाने किती, मला ठाऊक नाही.