एकाहत्तर तास चौदा मिनिटं

१८ ऑक्टोबर २०२५, शनिवार

ईराने माळ्यावरची पेटी उघडली! नागपूरहून दिवाळीला येऊन दोन तास झाले नव्हते, तोवर माझं जुनं प्लेस्टेशन बैठकीत. निशांतची ही दहा वर्षांची मुलगी कशालाच भीत नाही. आमच्या घरात मुलं अशी नव्हती.

"आत्या, हे काय?" करडी, चपटी, काडेपेटीएवढी वस्तू. मेमरी कार्ड. सांगितलं – तेव्हा खेळ मशीनमध्ये राहत नसे, या कार्डात साठवायचा. कार्ड नसेल तर रोज पहिल्यापासून.

मग तिने खेळायचा, वायरीचा रिमोट काढला. मी स्वयंपाकघरात निघून गेले.

याच रिमोटचं माझ्या हातून निशांतच्या कानाला लागलं – नाही. खोडते. मी मारलं.

१९ ऑक्टोबर

पूर्ण लिहिते. सव्वीस वर्षं टाळलं.

१९९९. मी अठरा, बी.ए.च्या पहिल्या वर्षाला. निशांत अकरा. मशीन मामांनी दिलेलं, सीडी नागपूरच्या बाजारातली, जपानी. एक अक्षर कळत नव्हतं. वहीत अक्षरांची चित्रं काढून पुढे अर्थ लिहायची – 'दोन काठ्यांनी सुरू होतं ते = नाही'. तलवारबाजाचा खेळ. शेवटच्या किल्ल्यापर्यंत पोचले होते.

त्या दुपारी कार्ड लावलं तर रिकामं. आदल्या दिवशी निशांत खेळला होता. पुसलंस ना, म्हणून विचारलं. तो म्हणाला, नाही ताई. मी त्याला केसांना धरून फरशीवर आपटलं. छातीवर गुडघा ठेवला. तो नाही म्हणायचा आणि दर 'नाही'ला मी मारायची. मग रिमोट वायरीला धरून गरगर फिरवला. डाव्या कानावर बसला. ओला आवाज आला. कानातून रक्त आलं.

आणि मी थांबले नाही. रक्त पाहिल्यावर आणखी एकदा फिरवला. हे दुसऱ्यांदाचं मी स्वतःलाही सांगत नव्हते.

संध्याकाळी बाबा शाळेतून आले. रक्त मी पुसून टाकलं होतं, पण निशांत रडत होता. रडतो कशाला, म्हणून त्यांनी त्याच कानाखाली एक ठेवून दिली. त्यांचं ते रोजचंच. शाळेत पोरांना रूळ, आम्हाला पट्टा, आईला हातात येईल ते – एकदा तापलेलं उलथनं. डॉक्टरांनी सांगितलं, पडदा फाटला, हा कान गेला. कोणी मारलं, असं विचारलं. बाबा म्हणाले, "मी."

मी दाराशी उभी होते. बोलले नाही.

२० ऑक्टोबर

ईराने कार्डाच्या पितळी पट्ट्या सॅनिटायझरने पुसल्या आणि मशीन टीव्हीला जोडलं. मला बोलावलं.

सगळं आहे. माझा तलवारबाज, किल्ला. खाली आकडा – ७१:१४. एकाहत्तर तास चौदा मिनिटं. "आत्या, तू एवढं खेळलीस?"

निशांतने काही पुसलंच नव्हतं. पट्ट्यांवर मळ होता, एवढंच. मशीनला कार्ड वाचता आलं नाही आणि मला मशीन.

दिवसभर मनात एकच – मी त्याला फुकट मारलं. आता लिहिताना दिसतं आहे, मी काय म्हणते आहे. पुसलं असतं तर मारणं बरोबर होतं?

२१ ऑक्टोबर

लक्ष्मीपूजन. बाबा निशांतच्या उजवीकडे बसले, ऐकू येणाऱ्या बाजूला. कायम तिथेच बसतात.

२३ ऑक्टोबर

भाऊबीज. ओवाळलं आणि सांगितलं. दोन्ही फटके, कार्ड, सगळं. निशांत करंजी खात राहिला. मग म्हणाला, "मला माहीत आहे ना, ताई. तुझा रिमोट बसला तेव्हापासूनच कानात शिट्टी वाजून राहिली होती. बाबांची तर नंतर पडली."

मग इतकी वर्षं काहून बोलला नाहीस? म्हणाला, आधी तुझ्या भीतीने. पण पंधरा दिवस गेले, महिना गेला, बाबांनी कोणालाच हात लावला नाही. रूळसुद्धा सोडला. आईवर त्यानंतर कधी हात उचलला नाही. हे त्याला अकराव्या वर्षी कळलं होतं. मला कळलं नव्हतं, की कळून घ्यायचं नव्हतं?

"एका कानात घर शांत झालं. स्वस्तात पडलं." हसला. मला हसता आलं नाही.

जाताना गाडीत बसून म्हणाला, "बाबांना सांगू नको. तेवढा एकच धाक आहे त्यांना."

२५ ऑक्टोबर

आईला सांगितलं. ती मेथी निवडत होती. मान वर केली नाही. "झालं ते झालं. ह्यांच्याजवळ बोलू नको." दोनदा म्हणाली.

२६ ऑक्टोबर

पेपर वाचता वाचता बाबा उजव्या तळहाताकडे बघत बसले. मग म्हणाले, "पोराचा कान घेऊनच मी वर जाणार, मीरा."

एकोणऐंशी वर्षांचे आहेत. काठीशिवाय उठवत नाही, चहाचा कप दोन्ही हातांनी धरतात. या माणसाला आता कशाचा धाक लागतो? माझी शिक्षा ते भोगतात आणि मी शेजारी बसून पोळी वाढते. हे न्यायाचं नाही.

की मला नुसतं मोकळं व्हायचं आहे? तेही असेल. म्हणून खरं बोलायचं नाही का?

२७ ऑक्टोबर

सांगितलं. कार्ड त्यांच्या हातात ठेवलं.

वाटलं, मारतील. मारावं असंही वाटलं. त्यांनी कार्ड उलटसुलट करून पाहिलं, बाजूला ठेवलं. "माझ्या हातानं नाही?" नाही बाबा. "तुला पक्कं माहीत आहे?" हो. निशांतही तेच म्हणाला. थोड्या वेळाने पुन्हा, "म्हणजे माझ्या हातानं नाहीच." मला एका शब्दाने बोलले नाहीत. माझ्याकडे पाहिलंही नाही.

जेवताना दोन पोळ्या जास्त घेतल्या. मला किती हलकं वाटलं! लाज वाटावी इतकं.

आई माझ्याशी बोलत नाही.

३० ऑक्टोबर

बाबा दूधवाल्यावर ओरडले. तो आवाज इतक्या वर्षांनी ऐकला. आत आईच्या हातातला तांब्या पडला.

२ नोव्हेंबर, रविवार

बाबांनी आज आईला काठीने मारलं. वरणात मीठ जास्त पडलं म्हणून. पाठीवर दोन, मनगटावर एक. मी धरेपर्यंत.

मनगटाला हळद लावत होते. आई म्हणाली, "हात म्हातारा झाला ह्यांचा, म्हणून बरं."